ढेपेतून दुधात: ढोरांच्या खाण्यातल्या विषाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यातल्या एका गावात मी अकरा वर्षांपासून दूध संकलन केंद्र चालवतो. सकाळी सहापासून कॅन येतात. फॅट पाहतो, एसएनएफ (स्निग्ध सोडून उरलेले घन घटक) पाहतो, पावती फाडतो. म्हैस काल काय खाऊन आली, याचा रकाना पावतीवर नाही. दुधात पाणी घातलं की गावभर बोभाटा होतो, पण ढेपेला, म्हणजे सरकीच्या पेंडीला, बुरशी लागली तर शेजाऱ्यालाही कळत नाही. लोकांनी कोठ्यात, पारावर, लग्नाच्या पंगतीत मला जे विचारलं ते इथं मांडलंय. काही प्रश्न ज्या बोलीत आले तसेच ठेवलेत.

जे ढोरानं खाल्लं ते सारंच दुधात उतरते काय?

नाही. तसं असतं तर आपण दूध केव्हाच सोडलं असतं.

खाल्लेलं आधी कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, जातं. तिथले जंतू बरीच मोडतोड करतात. सरकीत गॉसिपॉल नावाचं नैसर्गिक विष असतं. मोठ्या म्हशीच्या कोटीपोटात ते बऱ्याच अंशी बांधलं जातं, म्हणून ती ढेप पचवते. वगारीचं (म्हशीच्या लहान पिल्लाचं) कोटीपोट अजून तयार नसतं, तिला तीच ढेप बाधते. पोटातून सुटलेलं आतड्यातून रक्तात आणि रक्तातून यकृतात जातं. यकृत काही मोडतं, काहीचं रूप बदलतं, काही तसंच पुढं सोडतं. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून साधारण ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावं लागतं. त्या रक्तात जे तरंगत असेल त्याला कासेत शिरायची संधी वारंवार मिळते.

शिरतं कोण, हे त्या पदार्थाच्या स्वभावावर. चरबीत विरघळणारं विष दुधातल्या स्निग्धाला धरून येतं. पाण्यात विरघळणारं बहुतेक मुतावाटे निघून जातं. शिशासारखे धातू हाडांत, यकृतात, मूत्रपिंडात जाऊन बसतात आणि दुधात त्यांचा थोडाच भाग येतो. अजून एक गंमत आहे: रक्ताचा सामू ७.४ आणि दुधाचा ६.६ ते ६.८, म्हणजे दूध किंचित आंबट. त्यामुळे अल्कधर्मी स्वभावाची काही औषधं कासेत शिरतात आणि तिथंच अडकतात. डॉक्टरनं सुई दिल्यावर अमुक दिवस दूध केंद्रावर आणू नका असं सांगितलं, तर त्यामागं हेही एक कारण असतं.

अफलाटॉक्सिन म्हणजे नेमकं काय, आणि ते ढेपेतच का?

ढेपेतच असं नाही, पण आपल्याकडे आधी ढेपेतच बघावं.

अस्परजिलस फ्लेव्हस आणि तिची बहीण अस्परजिलस पॅरासिटिकस या दोन बुरश्या हे विष बनवतात. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी हजारोंनी मेले, कोणाला कारण कळेना. शेवटी धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत गेला आणि अफलाटॉक्सिन जगाला कळलं. आपल्या देशातही १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली होती. म्हणजे हे फक्त ढोरांचं दुखणं नाही.

या बुरशीला ऊब आणि ओल लागते. तेल असलेलं बी मिळालं तर सोन्याहून पिवळं. सरकी, भुईमूग, मका ही तिची आवडती घरं. वऱ्हाडात कापूस, त्यामुळे सरकी, त्यामुळे ढेप. अकोला तर सरकी ढेपेचं एवढं मोठं ठाणं आहे, की वायदे बाजारात ढेपेचा भाव अकोल्याच्या नावानं चालतो. आता क्रम बघा. परतीच्या पावसात बोंडं भिजतात, ओला कापूस जिनिंगला जातो, सरकी दमट राहते, तिची ढेप निघते, ती गोदामात पडते, मग आपल्या ओसरीत. बुरशीला या वाटेवर कुठंही मुक्काम करता येतो. ढेपेतला ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या आत असला तर ती शांत राहते. १४-१५ च्या वर गेला की तिचं फावलं.

पण ढेपेतलं विष आणि दुधातलं विष एकच असते काय?

थोडं वेगळं. ढेपेत असतं ते बी१. म्हशीच्या यकृतात त्याचं एम१ होतं आणि ते दुधात येतं. एम१ ची कर्करोग करण्याची ताकद बी१ च्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी मानतात. हे ऐकून लोक सुस्कारा टाकतात. टाकू नये. ढेप म्हैस खाते, पण दूध दोन वर्षांचं लेकरू रोज पितं, आणि त्याच्या वजनाच्या मानानं बापापेक्षा कितीतरी जास्त पितं.

किती ढेपेतून किती विष येते? हिशोब सांगा.

खाल्लेल्या बी१ पैकी साधारण १ ते २ टक्के एम१ होऊन दुधात येतं. भरपूर दूध देणाऱ्या गाईंमध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत जातं. गणित तोंडी करू.

समजा ढेपेत किलोमागे १०० मायक्रोग्रॅम बी१ आहे. म्हैस दिवसाला ३ किलो ढेप खाते, म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम. त्याचे २ टक्के म्हणजे ६. म्हैस ८ लिटर देते. ६ भागिले ८, लिटरमागे ०.७५. आपल्या देशात दुधाची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. दूध नापास.

आता तीच म्हैस, तेवढीच ढेप, पण पशुखाद्याच्या भारतीय मानकात बसणारी, म्हणजे किलोमागे जास्तीत जास्त २० मायक्रोग्रॅम. हिशोब ०.१५ वर येतो. दूध पास. युरोपात मात्र दुधाची मर्यादा ०.०५ आहे, तिथं हेही परत गेलं असतं. म्हैस तीच आणि धार काढणारा तोच, फरक फक्त पोत्याचा आहे.

तुमचंच दूध वापस आलतं म्हन्ते, खरं काय?

खरं आहे. लपवून उपयोग नाही, गावाला माहीत आहे.

पोळा होऊन आठवडा झाला होता. आमच्या केंद्राचं दूध टँकरमध्ये चढायच्या आधी तिकडच्या माणसानं अफलाटॉक्सिन तपासायची पट्टी लावली. लाल रेघ जिथं उमटायला हवी तिथं उमटली नाही. दुसरी पट्टी लावली, तेच. फॅट सहाच्या वर, वास चांगला, रंग चांगला, आणि दूध घेणार नाही म्हणाले. मी भांडलो. नंतर घरी येऊन ढेपेचं पोतं उलथं केलं.

आम्ही सहा जणांनी एकाच गाडीतून ढेप उतरवली होती. ती व्यापाऱ्याच्या गोदामात भिजली की आमच्याकडे, हे कधीच ठरलं नाही. पण माझी पोती मातीच्या भिंतीला टेकून, थेट शेणानं सारवलेल्या जमिनीवर होती, आणि त्या भिंतीतून पावसाळाभर ओल झिरपते हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझी आई पोत्याखाली फळ्या घालायची. फळ्यांची मी चूल पेटवली होती.

सहाही जणांनी ढेप बंद केली. बुरशीची ढेप खाल्ल्यापासून १२ ते २४ तासांत एम१ दुधात दिसतं आणि घाण खाद्य थांबवलं की साधारण तीन-चार दिवसांत उतरतं. आमचंही तसंच झालं: दुसऱ्या दिवशी नापास, तिसऱ्या दिवशी काठावर, पाचव्या दिवशी दूध गेलं. मधलं दूध उकिरड्यात ओतलं. वासरांना पाजू म्हणणारे होते, त्यांना नाही म्हणालो. वासराचं यकृतही यकृतच आहे.

भाऊ, उकयलं तं मरत नाई काय हे?

नाही. उकळल्यानं जंतू मरतात. अफलाटॉक्सिन जिवंत नाही, मग मरेल कुठून? पाश्चरायझेशनही त्याला पुरत नाही. हीच गोष्ट डीडीटी आणि शिशाची.

मग दही, पनीर, खवा, तूप यांत काय होतं?

इथं दोन विषांच्या दोन वाटा फुटतात.

एम१ ची संगत केसिनशी, म्हणजे दुधातल्या प्रथिनाशी. दूध फाडून पनीर केलं की ते पनीरबरोबर राहतं आणि किलोमागचं प्रमाण मूळ दुधाच्या काही पट होतं. चक्क्याचंही तसंच. लोणी आणि तुपात मात्र ते थोडंच जातं. डीडीटीसारख्या चरबीप्रेमी विषाचं बरोबर उलटं: ते सायीत जमतं, लोण्यात वाढतं, तुपात सर्वांत दाट होतं. म्हशीच्या दुधात स्निग्ध जास्त, म्हणून अशी विषं लिटरमागे गाईपेक्षा जास्त बसू शकतात. खव्यातलं फक्त पाणी उडतं, बाकी सगळं कढईतच राहतं, चांगलंही आणि वाईटही.

ढेप हातात घेऊन ओळखता येते काय?

निम्मी येते. ढेपेचा तुकडा घेऊन मधोमध मोडा. चांगली ढेप कटकन तुटते, आत पिवळसर-तपकिरी असते, सरकीच्या टरफलाचे काळे कण दिसतात, तेलाचा हलका वास येतो. खराब तुकडा मऊ मोडतो. मोडलेल्या भेगेच्या कडेनं हिरवट-पिवळी किंवा राखाडी पूड दिसते, फुंकर मारली की उडते. ती नाकात घेऊ नका. वास जुन्या, बंद घराचा येतो. पोत्यात कोपरापर्यंत हात घाला, मध्ये गरम लागलं तर ते घेऊच नका.

उरलेली निम्मी डोळ्यांना दिसत नाही. बुरशी वाळून झडली तरी तिचं विष मागं राहतं. शिवाय ते पोतंभर सारखं पसरलेलं नसतं, एका खांडात खच्चून आणि शेजारच्या खांडात काहीच नाही असंही होतं. म्हणून तपासायला नमुना द्यायचा तर एक तुकडा नेऊ नका. पाच-सात पोत्यांतून, वरून, मधून, तळातून मूठमूठ काढा, मिसळा, मग त्यातली पावशेर न्या. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था कुठं तपासणी होईल ते सांगू शकतात.

बुरशी पुसून, उन्हात टाकून चालते ना?

ऊन नवी बुरशी थांबवतं, झालेलं विष काढत नाही. पुसून तर काहीच होत नाही. चांगल्या ढेपेत थोडीथोडी मिसळून संपवायची युक्ती मी पुष्कळ कोठ्यांत पाहिली आहे, माझ्याही. ती युक्ती विष संपवत नाही, वाटून देते.

टॉक्सिन बाइंडर घातला तर?

बेंटोनाइटसारख्या मातीचे बाइंडर पोटात अफलाटॉक्सिनला धरून शेणावाटे बाहेर काढतात आणि दुधातलं प्रमाण कमी करतात. काम करतात, पण पूर्ण नाही. सडक्या ढेपेला परवाना म्हणून ते वापरायचे नाहीत. प्रमाण डॉक्टरला विचारा.

सोयाबीनचं कुटार भिजलं, ते घालावं काय?

सुडीवर पाऊस पडला आणि आत काळं पडलं असेल तर तो भाग काढून टाका. नुसतं दमट असेल तर पातळ पसरून, वाऱ्यावर, दोन-तीन दिवस कडक वाळवा आणि आधी वास घ्या. तूर-हरभऱ्याचं कुटार आणि ज्वारीचा कडबा यांनाही हेच. गंजी बांधताना खाली पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) थर द्या, जमिनीची ओल वर चढत नाही.

फवारलेल्या वावरात ढोरं सोडली तं?

यवतमाळचं २०१७ आठवतं ना? फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. त्याच वावरांच्या धुऱ्यावर ढोरं चरत होती.

आता वापरात असलेली बरीच कीटकनाशकं, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस वगैरे, शरीरात लवकर तुटतात. दुधात ती थोडी आणि थोडे दिवस येतात. त्यांचा खरा धोका ढोराच्या जिवाला: तोंडातून लाळ, अंग थरथरणं, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. असं दिसलं की जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या क्रमांकाला फोन लावा, ताक पाजत बसू नका. सायपरमेथ्रिनच्या जातीची औषधं चरबीत विरघळतात, ती थोडी दुधात येतात. गोचिडांसाठी अंगावर फवारतो तेही याच जातीचं, म्हणून ते डब्यावरच्या प्रमाणात, धार काढून झाल्यावर, आणि कास पुसल्याशिवाय पुढची धार नाही.

जुनी औषधं मात्र चिवट होती. शेतीतला डीडीटीचा वापर १९८९ मध्ये बंद झाला, बीएचसी १९९७ मध्ये, एंडोसल्फान २०११ मध्ये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं १२ राज्यांतून दुधाचे २२०५ नमुने तपासले होते. त्यांतल्या ८२ टक्क्यांत डीडीटी सापडलं आणि सुमारे ३७ टक्के मर्यादेच्या वर होते. ही औषधं जनावराच्या चरबीत साठतात. उन्हाळ्यात चारा तुटला किंवा व्यायल्यानंतर म्हैस रोडावली, की चरबी वितळते आणि साठलेलं विष तिच्याबरोबर दुधात येतं. मातीतून ती जायला वर्षानुवर्षं लागतात.

पऱ्हाटीचं विचाराल तर हवाईची गोष्ट सांगतो. १९८२ मध्ये तिथल्या ओआहू बेटावरचं दूध बाजारातून परत बोलवावं लागलं. अननसाच्या मळ्यात हेप्टाक्लोर नावाचं कीटकनाशक मारलं होतं, आणि फळं काढल्यावर झाडांचा हिरवा पाला कापून गाईंना घातला होता. अननस माणसं खाणार म्हणून त्याच्याकडे लक्ष होतं, पाल्याकडे कोणाचं नव्हतं. आपली शेवटची वेचणी झाली की आपण ढोरं पऱ्हाटीत घालतो. फरदड, म्हणजे वेचणीनंतरही राखलेली कपाशी, ठेवली असेल तर फवारणीही चालूच असते. पानं हिरवी, ढोरं भुकेली, आणि फवारणी कधी झाली ते मजुराला ठाऊक, मालकाला नाही. धुऱ्यावर किंवा कोठ्याच्या खुंटाला शेवटच्या फवारणीची तारीख खडूनं लिहा. डब्यावर जितके दिवस थांबायला सांगितलंय तितके दिवस पऱ्हाटीही बंद.

औषधाचा मोठा डबा धुऊन ढोराले पाणी पाजायले ठेवला आहे. चालते काय?

नाही. तीनदा धुतला तरी नाही. तो डबा भोकं पाडून निकामी करा.

तसंच पेरून उरलेलं रंगीत बियाणं. गुलाबी, निळा, लाल रंग म्हणजे त्यावर बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चढवलेलं आहे. वाया जाईल म्हणून भरडून आंबोणात घालणारे आहेत. त्यांना माझ्याकडून हात जोडून विनंती.

बीटी सरकीची ढेप खाऊन बीटी दुधात येते काय?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो. बीटीचं प्रथिन पोटात पचतं, आणि दुधात ते सापडलेलं नाही. बीटीची काळजी करणारा माणूस त्याच ढेपेवरची बुरशी पाहत नाही, याचं मला नवल वाटतं.

गाजर गवतानं दूध कडू होतं, खरं का?

खरं. त्यातलं पार्थेनिन दुधात उतरतं. निदान हे विष जिभेला तरी कळतं.

आमचं पाणी खारं. दूधही खारट होते काय?

पाण्यामुळं नाही. दुधातलं मीठ शरीर सांभाळतं. दूध खारट लागलं तर कास तपासा, दगडी झालेली असेल.

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर भागात वीजकेंद्रांच्या राखेची धूळ चाऱ्यावर बसते. तिचं काय?

राखेत शिसं, आर्सेनिक, पारा असे घटक थोडेथोडे असतात. चारा झटकून, शक्य तर धुऊन घाला, आणि राखेच्या तलावाकाठचं गवत कापू नका. धातू दुधात कमी येतात हे वर सांगितलं, पण ते जनावरात मुरतात. शिशाची मोठी बाधा आपल्याकडे राखेपेक्षा जुन्या फोडलेल्या बॅटरीनं होते. ढोरं तिच्या प्लेटा चाटतात, कदाचित खारटपणामुळं. शिशाची बाधा झालेल्या जनावराचं दूध आठवडे-महिने विकू नये.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते जनावराचे दात आणि हाडं खातं, दुधात फारसं येत नाही. कोठ्याजवळ प्लॅस्टिक आणि वायर जाळणं हे त्याहून वाईट. त्यातून डायॉक्सिन निघतं, चाऱ्यावर बसतं आणि सायीपर्यंत पोचतं.

मंग दूध प्याव का नाई?

प्यावं. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये देशभरातून ६४३२ नमुने तपासले. अफलाटॉक्सिन मर्यादेच्या वर निघालं ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के. प्रतिजैविकं ७७ मध्ये. आणि असुरक्षित भेसळ, जिच्यावरून आपण सगळे एकमेकांना चोर म्हणतो, ती फक्त १२ मध्ये. मी हे आकडे केंद्राच्या भिंतीवर लावले आहेत. लोक वाचतात आणि दुधातलं पाणी पाहायचा लॅक्टोमीटर मागतात.

खराब ढेप टाकायची कुठं?

बकरीला नाही, मासळीच्या तळ्यात नाही, कोंबड्यांना तर अजिबात नाही, पाखरांना हे विष लवकर लागतं. विहिरीपासून लांब खड्डा करा आणि पुरा. मी माझी अडीच पोती पुरली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंच्या कोंबड्या तिथं उकरत होत्या. आता वर दगड आहेत.